पाहण्याचा परवाना

माझ्या दुसऱ्या कादंबरीत बैलबाजाराचे एक प्रकरण आहे. वडिलांच्या मागे राहिलेली खोंडांची जोडी विकायला नायक तालुक्याच्या बाजारी जातो, व्यापाऱ्यांशी चारचौघांत मोठ्या आवाजात भावाची घासाघीस करतो आणि शेवटी डोळ्यांत पाणी आणून दावे दुसऱ्याच्या हाती देतो, असे काहीसे. हे प्रकरण आपल्याला फार साधले, अशी माझी समजूत होती. पुस्तक निघाल्यावर महिन्या-दोन महिन्यांत एका अनोळखी म्हाताऱ्या वाचकाचे पत्र आले. मजकूर चारच ओळींचा. ‘बाई, बैलाचा भाव चारचौघांत तोंडाने कुणी बोलत नाही. हातावर रुमाल टाकून आत बोटे दाबतात. घेणाऱ्याला कळते, देणाऱ्याला कळते, शेजारी उभा असतो त्याला कळत नाही. आपण बाजार पाहिलेला दिसत नाही.’

खरेच पाहिला नव्हता. दर आठवड्याला भरणारा तो बाजार माझ्या माहेरच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होता. काका जात, मामा जात, आमचा गडी जाई. मला कुणी कोंडून ठेवले नव्हते. ‘बायामाणसांनी तिथे काय उभे राहायचे?’ हे एक वाक्य पुरेसे होते. त्या वाक्याला मी इतकी सरावले होते, की कादंबरी लिहायला बसले तेव्हाही एकदा जाऊन पाहून यावे असे मला सुचले नाही. काकांना विचारले आणि त्यांनी सांगितले ते लिहिले. काकांना रुमालाचे सांगावेसे वाटले नाही. रोज जे पाहतो ते सांगण्यासारखे आहे असे माणसाला वाटतच नाही.

हे पत्र मी जपून ठेवले आहे. पुढे शाळेच्या कपाटात एका जुन्या इंग्रजी पुस्तकात ‘घोडेबाजार’ नावाच्या चित्राची प्रत पाहिली, खाली चित्रकाराचे नाव वाचले, ते एका बाईचे निघाले, आणि पहिल्यांदा मला त्या पत्राचीच आठवण झाली. ही बाई त्या बाजारात उभी कशी राहिली? पुष्कळ वाचल्यावर त्याचे जे उत्तर मिळाले ते या दिवाळीत वाचकांपुढे ठेवावे म्हणते.

तिचे नाव रोझा बोनर. जन्म फ्रान्समधल्या बोर्दो शहरी, १६ मार्च १८२२ चा. वडील रेमाँ हे चित्रकार, निसर्गदृश्ये आणि माणसांची चित्रे काढणारे. आई सोफी पियानो शिकवीत असे. चार मुलांत रोझा थोरली. पोर मोठी द्वाड. अक्षरओळख म्हणून होईना. कागद दिला की जनावरे काढीत बसे. आईने एक युक्ती केली. एकेक मुळाक्षर लिहायचे आणि त्याच्या शेजारी त्या अक्षराने सुरू होणारे एक जनावर रोझाने काढायचे. पोर वाचायला शिकली.

शिक्षकाच्या पेशात वीस वर्षे काढलेल्या माणसाला ही हकीकत वाचून हेवा वाटल्याशिवाय राहत नाही. मी पहिलीच्या वर्गात हा प्रयोग करून पाहिला आहे. ‘ब’पाशी बैल, ‘म’पाशी मांजर, ‘ह’पाशी हत्ती, सगळे छान चालते. ‘ण’पाशी मात्र आमची गाडी कायमची अडते.

१८२९ च्या सुमारास हे कुटुंब पॅरिसला आले आणि तिथे त्याची वाताहत झाली. रेमाँ बोनर हा भला, पण वाऱ्यावर वरात असलेला माणूस. सेंट सिमाँ नावाच्या तत्त्वज्ञाच्या अनुयायांचा एक पंथ तेव्हा पॅरिसमध्ये जोरात होता. संपत्ती सगळ्यांची असावी, स्त्रीचा दर्जा पुरुषाच्या बरोबरीचा असावा, अशी त्यांची शिकवण. १८३२ साली या पंथातले चाळीसेक पुरुष शहराच्या कडेला मेनिलमोंताँ येथे आश्रम करून राहिले. रेमाँ त्यांत जाऊन मिळाला. त्यांचा सदरा पाठीवर बांधायचा असे. दुसऱ्याने मदत केल्याशिवाय तो अंगात घालताच येऊ नये, म्हणजे बंधुभावाची रोज आठवण राहील, अशी त्यातली कल्पना. आश्रमातले हे बंधू एकमेकांचे सदरे बांधीत होते तेव्हा सोफी दिवसा शिकवण्या आणि रात्री शिवणकाम करून चार मुलांची पोटे भरीत होती. १८३३ साली ती गेली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. पुरायला पैसे नव्हते म्हणून तिला गोरगरिबांच्या सामाईक खड्ड्यात ठेवले. रोझा तेव्हा अकरा वर्षांची होती. आईची जागा कुठली ते तिला पुढे कधी दाखवता आले नाही.

स्त्री-पुरुष बरोबरीचे तत्त्वज्ञान ऐकत ऐकत बायको मेली, हे वाक्य मी एखाद्या कादंबरीत लिहिले असते तर टीकाकारांनी मला अतिशयोक्तीचा दोष दिला असता. पण न्याय करायचा तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुलगी शिवणकामात रमेना. शाळेत घातली तर लाकडी तलवारी घेऊन मुलींची लुटुपुटीची लढाई लावली, तीत बाईंची गुलाबाची झाडे आडवी झाली, आणि शाळेने तिला घरी धाडले. अशा मुलीचे त्या काळच्या बापाने काय केले असते? लग्न. रेमाँने तिच्या हातात कुंचला दिला. पंथाच्या शिकवणीतले तेवढे एक त्याने खरे मानले होते.

पॅरिसच्या सरकारी कलाशाळेचे दार मुलींना बंद होते आणि ते उघडले १८९७ साली, म्हणजे रोझा पंचाहत्तरीची झाल्यावर. म्हणून बाप हाच गुरू, आणि लूव्रचे संग्रहालय ही शाळा. चौदाव्या वर्षापासून ती तिथे जुन्या उस्तादांच्या चित्रांच्या नकला करीत बसे. तिथली मंडळी तिला ‘छोटा स्वार’ म्हणत. घर सहाव्या मजल्यावर, पण सज्ज्यात मेंढी पाळलेली. भाऊ इझिदोर तिला खांद्यावर घेऊन जिना उतरायचा, चारून आणायचा आणि पुन्हा वर चढायचा. हा इझिदोर पुढे शिल्पकार झाला; मेंढ्या वाहण्याचा त्याला उपयोगच झाला असेल. दुसरा भाऊ आणि बहीण चित्रकार झाली. सारे घरच कुंचल्याचे.

१८४१ साली, एकोणिसाव्या वर्षी, पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनात रोझाची चित्रे पहिल्यांदा लागली. विषय ससे आणि शेळ्या-मेंढ्या. पण आपल्याला जनावराची कातडी तेवढी काढता येते, आतले काढता येत नाही, हे तिला समजत होते. खांद्याचे हाड कुठे वळते, मानेचा स्नायू कुठे जाऊन मिळतो, हे पाहिल्याशिवाय चालणारा बैल काढता येत नाही. उभा केलेला बैल तेवढा निघतो. म्हणून ती खाटिकखान्यात जाऊ लागली. शहराच्या टोकाला रूलचा खाटिकखाना होता. तिथल्या रक्ताच्या थारोळ्यात, गवताच्या पेंढीवर बसून ती रेखाटने करी. कामगार भोवती जमून वेडेवाकडे बोलत, छळत. अखेर त्यांच्यातल्याच एका दांडग्या माणसाने तिची कड घेतली आणि मग कुणाची छाती झाली नाही. या भागाविषयी मला अधिक लिहवत नाही. वाचकांनीही दिवाळीच्या फराळापुढे ते फार डोळ्यांसमोर आणू नये. पण पुढच्या चित्रांतल्या प्रत्येक पाठीवर आणि पुठ्ठ्यावर त्या दिवसांची किंमत चुकती केलेली आहे, हे विसरून चालणार नाही.

१८४८ साली तिला सुवर्णपदक मिळाले आणि सरकारने तीन हजार फ्रँक देऊन नांगरणीच्या चित्राची मागणी केली. हे चित्र, ‘निव्हेर्ने प्रांतातील नांगरणी’, आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. मराठी माणसाने ते एकदा डोळे भरून पाहावे, निदान छापलेले तरी. सहा-सहा बैलांची दोन आउते चढणीवरून एकामागून एक चालली आहेत. माणसे जवळजवळ दिसतच नाहीत; बैलांच्या आड त्यांच्या टोप्या आणि काठ्या. पुढच्या आउतातल्या एका बैलाने मान किंचित वळवून आपल्याकडे पाहिले आहे. त्या पाहण्यात गरिबी नाही की तक्रार नाही. तो कामावर आहे आणि आपण त्याच्या वाटेत उभे आहोत, एवढेच.

मला या चित्रात बैलांपेक्षाही जमीन अधिक बोलते. चित्राची खालची पट्टी सगळी नुकत्याच उलटलेल्या ढेकळांची आहे. ओल अजून गेलेली नाही. फाळाने कापलेली बाजू चकचकते आहे. वर अर्धे चित्र भरून निवळ आकाश. बापाकडून घेतलेली निसर्गदृश्याची विद्या ती इथे अशी वापरते, की बैल त्या जमिनीतून वर आल्यासारखे वाटतात. पुष्कळ चित्रकार आधी घोडा काढतात आणि मग त्याच्यामागे डोंगर टांगतात, फोटोग्राफरकडच्या पडद्यासारखा. रोझा बोनरने ते केले नाही. निव्हेर्नेत जाऊन राहिल्यावाचून तिने निव्हेर्नेचे बैल काढले नाहीत.

पुढच्याच सालात, म्हणजे १८४९ मध्ये, वडील वारले. मुलींसाठी असलेल्या सरकारी मोफत चित्रशाळेचे ते प्रमुख होते. ते काम रोझाने बहिणीच्या मदतीने हाती घेतले आणि १८६० पर्यंत निभावले. मास्तरीणबाई म्हणून ती मोठी कडक होती असे सांगतात. मला त्यात नवल वाटत नाही.

आता घोडे.

पॅरिसला बुलव्हार द लोपिताल या रस्त्यावर घोड्यांचा बाजार भरे. झाडांची रांग, मधली मोकळी जागा, तीत दलाल घोडे पळवून दाखवीत, आणि कडेच्या उंचवट्यावर गिऱ्हाइके. आपल्याकडे खानदेशात तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत जो घोडेबाजार भरतो तो ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या जागेची कल्पना सहज येईल. धूळ, लिदीचा वास, शिव्या, आणि मध्येच एखादा अनावर झालेला घोडा मागच्या पायांवर उभा. १८५१ च्या उन्हाळ्यापासून दीड वर्ष, आठवड्यातून दोनदा, रोझा या बाजारात जाऊन रेखाटने करीत राहिली. बाईच्या वेशात ते शक्य नव्हते. त्या वेळच्या घेरदार झग्याने एक पाऊल टाकणे मुश्कील, आणि झगा दिसला की शंभर डोळे घोड्यांवरून उठून तिच्याकडे. तिला पाहायचे होते. लोकांनी तिलाच पाहत बसणे परवडणारे नव्हते. तिने पाटलोण चढवली, वर शेतकऱ्याचा सैल सदरा घातला. केस आखूड होतेच.

पण हेही मनाला येईल तसे करता येत नव्हते. पॅरिसच्या पोलिसांचा १८०० सालचा एक हुकूम होता. बाईला पुरुषाचा पोशाख करायचा असेल तर पोलीस-कचेरीत जाऊन परवानगी काढली पाहिजे, आणि अर्जाला डॉक्टरचा दाखला जोडला पाहिजे. रोझाच्या नावाचा १२ मे १८५७ चा असा एक परवाना टिकून आहे. कारणाच्या जागी प्रकृतीचे कारण. मुदत सहा महिने, मग पुन्हा नवा काढायचा. या वेशात नाटकाला, नाचाच्या समारंभाला आणि इतर सार्वजनिक मेळाव्याला जायचे नाही, ही अटही घातलेली. हसावे की रडावे ते कळत नाही. घोडा पाहण्यासाठी सरकारदरबारी आजारी ठरायचे! आणि हा हुकूम गेला कधी, तर २०१३ साली. तोवर त्याला कुणी विचारीत नव्हते हे खरे, पण तो आता लागू नाही असे फ्रेंच सरकारने अधिकृतपणे सांगायला दोनशे बारा वर्षे जावी लागली.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण अलीकडे तिच्याविषयी लिहिणारे ती घाईघाईने उरकून पुढे जातात. पाटलोण हे तिने बंडाचे निशाण केले नाही. तो तिचा कामाचा पोशाख, सुताराच्या चामडी ओच्यासारखा. पाहुणे आले की ती झगा घाली, आणि कामावाचून पुरुषी वेश करणाऱ्या बायांना तिने म्हातारपणी नावेसुद्धा ठेवली आहेत. आपल्याला हवी तशी ती बोलत नाही म्हणून मला थोडी चुटपुट लागते. पण तिला माझ्या मतांशी काय देणेघेणे? तिला घोडे पाहायचे होते.

‘घोडेबाजार’ १८५३ च्या प्रदर्शनात लागला. आठ फूट उंच आणि साडेसोळा फूट लांब. चित्र कसले, भिंतच ती. डावीकडे दूर साल्पेत्रिएर इस्पितळाचा घुमट आणि समोर घोड्यांचा लोंढा. पेर्शरॉन जातीची ती अवजड, भरल्या अंगाची जनावरे. मधोमध पांढरे, शेजारी उधळलेला काळा. शेपट्या गाठी मारून बांधलेल्या, नाकपुड्या फुललेल्या. माणसे त्यांना आवरताहेत, आणि आवरली जाताहेत की नाही हे चित्रात शेवटपर्यंत ठरत नाही. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरावर कोरलेल्या घोडेस्वारांची रांग तिच्या मनात होती, असे म्हणतात. असेलही. पण ते देवळावरचे घोडे आणि हे विकायला काढलेले. यांच्या टापांखालची धूळ पॅरिसची आहे, आणि झाडांच्या सावल्यांतून येणारा तो प्रकाश सकाळी उभे राहून पाहिल्याशिवाय मिळत नाही.

गर्दीच्या मध्यावर एक स्वार आहे. बाकीचे सगळे आपापल्या घोड्यांत गुंतलेले; याचा मिशी-दाढी नसलेला चेहरा तेवढा बाहेर, आपल्याकडे वळलेला. ती स्वतः रोझाच असावी, असे काही अभ्यासकांचे मत आहे. हे वाचल्यावर मी पुस्तकातली प्रत भिंग लावून पाहिली. छापील ठिपक्यांपलीकडे काही दिसले नाही, पण मत मला पटले. दीड वर्ष जिने स्वतःला लपवले, तिला एका कोपऱ्यात तरी मान वळवावीशी वाटली असणारच.

या चित्राच्या जन्माआधीची एक गंमत आहे. सरकारतर्फे तिला मोठे चित्र द्यायचे ठरले तेव्हा तिने दोन आराखडे दाखवले होते, एक घोडेबाजाराचा आणि दुसरा गवत कापणीचा. मंत्री ड्यूक द मोर्नी यांनी गवत कापणी निवडली, कारण घोड्यांत तिचा हात अजून सिद्ध झालेला नाही. पुढे काय झाले ते सांगायला नकोच. प्रदर्शनाच्या परीक्षकांनी तर ठरवून टाकले, की यापुढे या बाईंची चित्रे तपासणीवाचून घ्यायची.

तरी चित्र विकले गेले नाही. गेंटला लोकांनी पाहून वाहवा केली. जन्मगाव बोर्दोला ते बारा-पंधरा हजार फ्रँकांना देऊ केले, गावाने घेतले नाही. शेवटी लंडनचे चित्रविक्रेते अर्नेस्ट गांबार यांनी चाळीस हजार फ्रँक दिले. ही रक्कम फार झाली असे वाटून रोझाने त्यांना त्याच चित्राची एक लहान प्रत काढून दिली. ती आज लंडनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात आहे. मूळ चित्र १८५५ मध्ये इंग्लंडला गेले, व्हिक्टोरिया राणीने ते राजवाड्यात आणवून पाहिले. मग समुद्र ओलांडून अमेरिकेत गेले. १८८७ साली कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट यांनी ते लिलावात त्रेपन्न हजार डॉलरांच्या घरात घेतले आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला देऊन टाकले. तिथेच ते आहे. बोर्दोकरांची काय अवस्था झाली असेल याची कल्पना आपण करावी.

पैसा आल्यावर तिने १८५९ मध्ये फॉन्तेनब्लोच्या जंगलाच्या कडेला बी नावाच्या खेड्यात एक जुना वाडा घेतला. बरोबर नाताली मिका, लहानपणापासूनची मैत्रीण, आणि तिची आई. या दोघींनी जन्मभर एक घर केले. नाताली घर पाही, हिशेब पाही, जनावरांची औषधे करी, वेळप्रसंगी चित्राला पहिला हातही मारी. वाड्यात घोडे, गाई, मेंढ्या, हरणे होती, पुढे सिंहसुद्धा होते. तिथे ती पहाटे जंगलात जाऊन बसे. खडक, ओक वृक्ष, धुक्यातली पायवाट यांचे अभ्यास करी, आणि त्यांतल्या पुष्कळांत एकही जनावर नसे. ही निसर्गदृश्ये तिने विकली नाहीत. ती तिची खाजगी वही होती. पॅरिसच्या प्रदर्शनांत ती पुढे जवळजवळ दिसेनाशी झाली. फ्रेंच टीकाकार म्हणू लागले, ही तर इंग्रजांची झाली.

१८६४ च्या जूनमध्ये सम्राज्ञी युजेनी अचानक वाड्यावर येऊन थडकली. रोझा कामाच्या सदऱ्यात. धावपळ करून कसाबसा झगा चढवला, असे सांगतात. पुढच्या वर्षी, सम्राट अल्जीरियात असताना राज्याची सूत्रे हाती होती तेव्हा, सम्राज्ञी १० जूनला पुन्हा आली आणि लीजन ऑफ ऑनरचा क्रूस तिने स्वतःच्या हाताने रोझाच्या छातीवर लावला. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री-कलावंत. ज्या बाईला नाटकाला पाटलोणीत जायची बंदी, तिच्या सदऱ्यावर आता साम्राज्याचा क्रूस.

१८८९ हे साल तिला कडू-गोड गेले. जूनमध्ये नाताली वारली. चाळीस वर्षांहून अधिक काळ ज्या माणसाशी बोलत आपण काम केले, ते माणूस गेल्यावर कुंचल्याला हात लावावासा वाटेना. त्याच उन्हाळ्यात पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी अमेरिकेहून ‘बफेलो बिल’ कोडी आपले घोडे, रेडइंडियन स्वार आणि गवे घेऊन आला होता. सदुसष्ट वर्षांची रोझा त्याच्या तळावर जाऊन बसू लागली. रोज नवा घोडा, नवी चाल. तिने कोडीला त्याच्या पांढऱ्या घोड्यावर रंगवला. अमेरिकेहून एका चाहत्याने धाडलेले जंगली घोडे वाड्यावर कुणाला आवरत नव्हते, ते कोडीच्या माणसांनी दोरांनी धरून नेले. घोडेबाजाराने जिला एकदा घडवले, तिला घोड्यांनीच पुन्हा उभे केले असे मला वाटते. पण हे माझे कादंबरीकाराचे मन असेल.

शेवटच्या वर्षात ॲना क्लुम्पके ही अमेरिकन चित्रकर्ती तिचे चित्र काढायला आली आणि तिथेच राहिली. रोझाने तिला आपली वारस केले. २५ मे १८९९ रोजी रोझा गेली. नातलग रागावले, क्लुम्पकेने १९०० मध्ये वाड्यातल्या चित्रांचा लिलाव करून अर्धा वाटा त्यांना दिला. त्या लिलावात दोन हजारांहून अधिक चित्रे आणि रेखाटने निघाली, आणि तिने कधी कुणाला न दाखवलेली ती आकाशे, ते खडक, त्या पायवाटा पॅरिसने पहिल्यांदा पाहिल्या. मग चित्रकलेची हवा बदलली आणि लोक तिला विसरले. २०२२ साली तिच्या जन्माला दोनशे वर्षे झाली तेव्हा बोर्दो आणि पॅरिस दोन्ही ठिकाणी मोठी प्रदर्शने भरली.

बोर्दोला आज तिचे एक चित्र आहे, ‘घोडेबाजारा’हूनही मोठे, एकवीस फूट लांब. विषय मळणी. फ्रान्सच्या दक्षिणेला, ऱ्होन नदीच्या मुखाशी असलेल्या कामार्ग भागात गहू घोड्यांकडून तुडवून मळीत. आपल्या खळ्यावर बैल तिवड्याभोवती संथ फिरत. इथे घोडे पेंढ्यांवरून उधळत जातात. हे चित्र तिने कित्येक वर्षे स्टुडिओत ठेवले होते, शिडीवर चढून त्याला हात लावायची आणि पुन्हा खाली उतरायची. ते पुरे झाले नाही. ज्या गावाने घोडेबाजार घेतला नाही, त्याच गावाच्या संग्रहालयात ते तसेच अपुरे लावलेले आहे.

माझ्या कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीची वेळ आली तेव्हा मी एका बाजारच्या दिवशी सकाळी जाऊन उभी राहिले. पाटलोण घालावी लागली नाही, परवानाही कुणी मागितला नाही. कडुनिंबाखाली दोघे समोरासमोर उभे होते. एकाच्या खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या हातांवर पडला होता, चेहरे दगडासारखे. आत काय चालले होते ते अर्थातच मला दिसले नाही. शेजारच्या दावणीवरच्या म्हाताऱ्याने विचारले, “काय बाई, बैल बघायला आलासा?”

“नाही हो, नुसता बाजार बघते आहे.”

“मग बघा की,” तो म्हणाला, “पर वाईच अल्याड व्हा. खोंड लाथाळ हाय.”